कणसाच्या खुर्च्या

एकोणीसशे एकोणसत्तर साल. त्या वर्षी कारखान्यात टेलिफोन आला, त्याच वर्षी नाट्यगृहाच्या दोनशे खुर्च्यांचं काम मिळालं आणि त्याच वर्षी आत्याला चूल विझवायला सांगण्यात आलं. टेलिफोनचं आणि खुर्च्यांचं तेव्हा फार कौतुक झालं. पण त्या कारखान्यात काम केलेली जी दोन-चार माणसं अजून आहेत, त्यांच्यापाशी ते साल काढलं, तर ती चुलीचंच सांगत बसतात.

कारखाना खुर्च्यांचा. लांबलचक पत्र्याची शेड, तिच्यात रंधे, करवती आणि खुर्चीचे गोल पाय कातणाऱ्या कातारीचं यंत्र. शेडच्या मागे अंगण. अंगणाच्या पार टोकाला, भिंतीला पाठ लावून, तीन बाजूंनी विटा रचलेली चूल आणि तिच्यावर धुराने काळा पडलेला एक पत्रा. चौदा माणसांचं दुपारचं जेवण त्या चुलीवर होई आणि ते आत्या करी.

आत्या मालकांची बहीण. तिला नवरा होता, पण तेविसाव्या वर्षी ती त्याला सोडून आली. कोणी हळहळत "टाकलेली बिचारी" म्हणायला लागलं की ती मध्येच थांबवून सांगे, "टाकलेली नाही. टाकून आलेली." भावाने एकही प्रश्न न विचारता जिना दाखवला आणि कारखान्यावरची खोली तिची झाली. आठ दिवस ती खोलीत बसून राहिली. नवव्या दिवशी खाली आली, कामगार गारढोण डबे पुढ्यात घेऊन बसलेले पाहिले, आणि कोणाला न विचारता तिने अंगणात विटा मांडल्या. त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. भाऊ आदल्या वर्षी गेला आणि गादीवर भाचा बसला. भाच्याची आत्या म्हणून ती सगळ्यांचीच आत्या. तिच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले, खुर्च्या जोडणारे मिस्त्रीसुद्धा तिला आत्याच म्हणत.

सकाळी दहाला ती चूल पेटवी. ती दहा मिनिटं तिची. तेवढ्यात कोणी काही विचारायला आलं, तर तिला ऐकू येत नसे. आधी कालची राख उकरून काढायची, पण सगळी नाही. बोटभर थर खाली राहू द्यायचा, कारण उघड्या विटेवर जाळ कुडकुडतो, असं तिचं म्हणणं. मग रंध्यातून निघालेल्या लाकडाच्या कुरळ्या सालींची एक मूठ, सैल, माणसाचा श्वास आत जाईल इतकी सैल. तिच्यावर काडीएवढे तुकडे, त्यावर बोटाएवढे, आणि पुढून हवेला वाट. मग काडेपेटीतली एक काडी. एकच. दुसरी लागली तर तो दिवस तिच्या लेखी नासला.

पहिला धूर पांढरा आणि आळशी असतो. वर जावं की खाली बसावं, याचा विचार करत तो रेंगाळतो. लोक नेमकी इथेच फुंकर मारतात आणि सगळं घालवतात. आत्या हात गुडघ्यांवर ठेवून नुसती बसे. नव्या जाळाला शाळेच्या पहिल्या दिवशी पोराला सोडतात तसं सोडून द्यावं, ती म्हणे, भोवती सगळे जमले की ते रडतं. मग आत कुठेतरी टच्‌ असा आवाज होई. सालीची एक कड लाल होऊन स्वतःवरच वळे, आणि पुढच्या क्षणाला जाळ उभा राही. एकतीस वर्षांत एकदाही असं झालं नाही की जाळ उभा राहिला आणि तिच्या तोंडावर हसू आलं नाही. ते हसू कोणासाठी नसे. मिस्त्रींनी ते शेडच्या खिडकीतून कित्येकदा पाहिलं होतं आणि मुकाट्याने मान फिरवली होती.

लाकडांचे स्वभाव तिला माणसांसारखे ठाऊक होते. खोक्यांचं हलकं लाकूड म्हणजे बडबड्या पाहुणा, भडकणार आणि पळ काढणार. बाभूळ तुसडी, लवकर बोलायची नाही, पण एकदा लागली की निखारा चारपर्यंत साथ देई. सागाचा धूर डोळ्यांना झोंबे. शिसवीचा तुकडा हाती लागला, तर ती आधी तो हुंगे आणि मग अपराध्यासारखी हळूच जाळात सारी. पॉलिश लागलेला तुकडा मात्र चुलीजवळ फिरकायचा नाही. एकदा चुकून गेला होता, तर सगळ्यांनी रस्सा वास घेत घेत खाल्ला आणि कातारी आठवडाभर विचारत होता, आज पॉलिशचा दुसरा हात कधी मारायचा.

त्याच चुलीच्या कडेला सरसाचं भांडं असे. तेव्हा खुर्च्यांचे सांधे सरसाने जोडत. जनावरांच्या कातड्याहाडांपासून केलेला तो डिंक गरम असतानाच लावायचा. बाहेरच्या भांड्यात पाणी, आतल्या भांड्यात सरस. पाण्याला वाफ हवी, बुडबुडा नको. उकळला की सरस मेला. दिसतो तसाच, चिकटतो तसाच, पण धरत नाही. हे भांडं राखायचं कामही आत्याचं, कारण जाळ तिचा.

आणि एक रीत होती, ती दुसऱ्या कुठल्या कारखान्यात असेल असं वाटत नाही. जोडलेली खुर्ची तीन दिवस वाळल्याशिवाय उचलायची नसते. मिस्त्रींचं तारखांशी कधी जमलं नाही, पण जेवण त्यांना बरोबर आठवे. म्हणून त्या दिवशी जोडलेल्या खुर्च्यांच्या बैठकीखाली ते कानावरची जाड पेन्सिल काढून त्या दिवशीचं जेवण काढून ठेवत. कांदा, मासा, अंडं, शेंग, बटाटा. मग शेडमध्ये ओरडा चाले, मासा वाळला का रे? मासा उद्या, आज अंडी उचला. आत्याने आठवड्यात तोच पदार्थ दोनदा केला, तर मिस्त्री चुलीपाशी येऊन भांडत, माझं अख्खं कॅलेंडर बिघडवलंत म्हणून.

भाचा दहाव्या वर्षापासून शिकायला बाहेर होता. ही चित्रं त्याने पाहिली होती, पण तो त्यांना मिस्त्रींचा चाळा समजे. मुलगा वाईट नव्हता. बापाचा कारखाना बुडू नये, ही एकच धास्ती त्याच्या मानगुटीवर बसलेली होती. नाट्यगृहाचं काम मिळालं तसा विम्याचा माणूस आला, शेडमध्ये साचलेला भुसा आणि साली बघितल्या, मग अंगणात गेला आणि उघडा जाळ बघितला. शेडपासून चुलीपर्यंतची पावलं मोजली. चाळीस भरली. चाळीस पावलांवर उघडा जाळ असेल, तर आपली कंपनी या कारखान्याचं नावही लिहून घेणार नाही, असं तो म्हणाला.

भाच्याने आत्याला नीट, शांतपणे सांगितलं. मागच्या खोलीत गॅसची शेगडी येईल, सरसासाठी विजेची शेगडी येईल, तिच्याकडे त्याची बायको बघेल. महिन्याच्या पहिल्या तारखेपासून चूल बंद. आत्याने आता धुरात बसायची गरज नाही, वर बसून आराम करावा. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आराम करायचा असतो तेव्हा काय करतात? तोंडात मूग धरून बसणारी बाई नव्हे ती. पण विम्याच्या माणसाचं चुकीचं होतं असं तिला म्हणता येईना, आणि तेच तिला जास्त लागलं.

उरलेल्या दिवसांत तिने चूल अशी वापरली, की जणू कोणी माहेरी आलेल्या मुलीला परत न्यायला दारात गाडी उभी करून ठेवलीय. राखेत कांदे पुरले, मातीत लपेटून मासे भाजले, जाळावर वांगी धरली. अठ्ठावीस तारखेला रस्त्यावरून ताज्या कणसांची हातगाडी चालली होती. तिने ती थांबवली आणि पन्नास कणसं उतरवून घेतली. एकतीस वर्षांत तिने कारखान्यात कणसं भाजली नव्हती. कणीस म्हणजे काही जेवण नव्हे. पण आता चार दिवसांसाठी कसले नियम? बाभळीचे निखारे पसरून ती बसली आणि कणसं नुसत्या बोटांनी फिरवू लागली. दाणे तडतडले, वास शेडमध्ये शिरला आणि सुट्टीची घंटा व्हायच्या आधीच चौदाच्या चौदा माणसं अंगणात उभी राहिली. कातारीने चार खाल्ली. मिस्त्रींच्या दातांना जमेना, तर त्यांनी दाणे सुरीने सोलून खाल्ले. आत्या सगळ्यांच्या हातात गरम कणीस ठेवत होती, घामाने निथळत होती, आणि पाऊण तास तिला दुसरं काहीही दिसत नव्हतं.

मागे वळून पाहिलं, तेव्हा सरसाच्या बाहेरच्या भांड्यातलं पाणी तळाला गेलं होतं आणि आत सरस खदखदत होता.

तिने भांडं उचललं, पाणी ओतलं, ढवळलं. रंग थोडा काळपट वाटला. बाकी तसाच. हा सरस मेला, हे ज्या बाईने तीस वर्षं सगळ्यांना बजावलं, तिने त्या भांड्यासमोर उभं राहून स्वतःला सांगितलं की एका उकळीने काय होतंय. खरं कारण वेगळं होतं. चूल बंद व्हायला चार दिवस असताना, चुलीवर सरस मेला असं तिच्या तोंडून निघालं असतं, तर भाच्याच्या हातात आयतंच कोलीत मिळालं असतं. ती गप्प बसली. त्या दुपारी तिच्या सरसाने सव्वीस खुर्च्या जोडल्या गेल्या.

पहिल्या तारखेला चूल थंड राहिली. गॅसची शेगडी मागच्या खोलीत आली. चावी फिरवली की निळा जाळ, वर्तुळात, हुकमी आणि मुका. त्याच्यावर आत्याने स्वयंपाक केला आणि तो छान झाला. ही गोष्ट सांगताना पुढे कोणी कोणी म्हणत, की गॅसवरच्या जेवणाला चवच नव्हती. खोटं आहे. रस्सा तसाच लागत होता. मिस्त्रींनी दोन घास खाल्ले, ओशाळून इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "तसंच लागतंय की." आत्या म्हणाली, "लागणारच. हात माझाच आहे." मग ती वर जाऊन खिडकीत बसली आणि चार वाजेपर्यंत अंगणाकडे बघत राहिली.

भाचेसूनेने सरस फार मन लावून राखला. ती बावीस-तेवीसची, अबोल, शाळेत गणितात पहिली येणारी. तिने एक तापमापक आणवला, एक वही घातली आणि दर तासाला पाण्याची उष्णता टिपून ठेवली. आत्या दोनदा तिच्या मागे उभी राहून बघून आली. चूक काढायला जागा नव्हती.

त्याच महिन्याच्या वीस तारखेला दोनशे खुर्च्या गेल्या. त्यानंतर तीन आठवड्यांनी टेलिफोन वाजला. नाट्यगृहात विनोदी नाटक चालू असताना पाचव्या रांगेतले एक वजनदार गृहस्थ मागे रेलून हसायला लागले, आणि हसणं पुरं व्हायच्या आत ते पाठीसकट मागच्या रांगेतल्या बाईंच्या पायांशी होते. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. मिस्त्री जाऊन दोनशेच्या दोनशे खुर्च्या हलवून आले आणि ढिल्या झालेल्या सव्वीस खुर्च्या गाडीत घालून परत आणल्या.

शेडमध्ये सगळे जमले. मिस्त्रींनी मोकळा झालेला सांधा नखाने खरवडला, सरसाची भुकटी पडली. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की विजेच्या शेगडीवर सरस मरतो, चुलीची ऊब ती चुलीची ऊब, पण म्हाताऱ्यांचं ऐकतो कोण. कातारीने लगेच री ओढली. माणसं माना डोलवू लागली. भाच्याचा चेहरा पडला. तो बायकोकडे वळला.

"तुलाच हौस होती ना शेगडीची?" सगळ्यांसमोर म्हणाला.

ती म्हणाली, वहीत सगळं लिहिलंय, एकदाही उकळी आलेली नाही. भाच्याने वहीकडे पाहिलंही नाही. तो कपाळ चोळत म्हणाला, ठीक आहे, विम्याच्या माणसाशी मी बोलतो, कामासाठी लागतो म्हटलं तर तो जाळ चालवून घेईल. आत्या, उद्यापासून चूल पेटव. जेवणही तिथेच कर हवं तर.

उद्या कशाला, आज पेटवते, असं म्हणून आत्या निघालीच होती. जाता जाता रचलेल्या खुर्च्यांमधली एक तिने सवयीने उलटी केली. बैठकीखाली पेन्सिलीने कणीस काढलेलं होतं. दाण्यांच्या रेघा आणि वर मिशा. तिने दुसरी उलटली. कणीस. तिसरी. कणीस. तिने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री रंध्याचं पातं फार बारकाईने तपासत होते. त्यांना नाट्यगृहातच कळलं होतं, आणि ते तिच्यासाठी खोटं बोलत होते.

ती अंगणात गेली. राख उकरली, थर नीट केला, साली घातल्या, काड्या रचल्या. दीड महिन्याने हात तिथे लागले होते आणि हातांना सगळं आठवत होतं. काडी काढली. तेवढ्यात समोर मागच्या खोलीचं दार उघडं दिसलं. भाचेसून विजेची शेगडी पुसत होती. वायरची गुंडाळी करून तिने ती खोक्यात ठेवली, वर वही ठेवली आणि खोकं बंद केलं. रडत नव्हती. पुन्हा काही न मागायचं ठरवलेल्या माणसाचे हात जसे चालतात, तसे तिचे हात चालले होते. आत्याने तेविसाव्या वर्षी, ते घर सोडायच्या आधी, असेच हात चालवले होते.

काडी तशीच पेटीत परत गेली. आत्या शेडमध्ये आली.

"या सगळ्या खुर्च्या कणसाच्या आहेत," ती म्हणाली.

भाच्याला काही कळेना. तिने त्याला ते चित्र दाखवलं, रीत सांगितली, आणि मग थांबली नाही. "कणसं मी अठ्ठावीस तारखेला भाजली. तेव्हा तुझी शेगडी खोक्यात होती. सरस माझ्या चुलीवर उकळला. माझं लक्ष नव्हतं. आणि मला तेव्हाच कळलं होतं, मी बोलले नाही."

मिस्त्री हळूच म्हणाले, "आत्या, हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"अवलक्षण झालंच होतं मिस्त्री. हात तेवढा आज दाखवला." मग ती भाच्याला म्हणाली, "तुझ्या बायकोने जोडलेल्या एकाही खुर्चीची पाठ निघालेली नाही. मोजून बघ. तिला सगळ्यांसमोर बोललास, आता सगळ्यांसमोरच सांग."

भाच्याने सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सांगितलं. मग त्याचा राग वळून आत्यावर आला, आणि तो रास्तच होता. सव्वीस खुर्च्या, नाट्यगृहाची तक्रार, कारखान्याचं हसं. सगळं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "म्हणजे आता चुलीला कारण काय उरलं?"

"मला आवडते."

"आवडते म्हणून कारखाना जाळू का, आत्या?"

"नको," ती म्हणाली. "कारखान्यात जाळ नको, हे मला त्या विमावाल्याच्या आधीपासून कळतं. एकतीस वर्षं पाण्याच्या दोन बादल्या मी काय शोभेला भरून ठेवल्या? पण जाळ मला हवा. सरसासाठी नको, चवीसाठी नको, तुझ्या बापाच्या आठवणीसाठीही नको. मला सकाळी उठून काहीतरी पेटवायला आवडतं. बाईने एखादी गोष्ट नुसती आवडते म्हणून मागितली, की सगळ्यांना कारण लागतं. मी कारण देणार नाही."

भाचा म्हणाला, मग इथे चूल पेटवू देणार नाही. ती म्हणाली, नको देऊस.

पुढचे चार दिवस ती सव्वीस खुर्च्यांपाशी बसली. गरम पाण्याची फडकी लावून, सुरीच्या टोकाने, प्रत्येक सांध्यातला मेलेला सरस तिने खरवडून काढला. मिस्त्री मदतीला आले, तर त्यांना म्हणाली, तुम्ही खोटं बोललात तेवढी मदत पुरे झाली. खुर्च्या पुन्हा जोडल्या गेल्या, विजेच्या शेगडीवरच्या सरसाने, आणि नाट्यगृहात परत गेल्या.

पाचव्या दिवशी तिने चूल उकलली. एका हातात दोन, दुसऱ्या हातात दोन अशा विटा घेऊन ती कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली. रस्त्यापलीकडे, कालव्याच्या कडेला, दगडगोट्यांची मोकळी जागा होती. तिथे गवताची काडी नव्हती. जाळायचं म्हटलं तरी काही जळलं नसतं. ती सकाळभर विटा वाहत होती. कोणी पुढे झालं तर हाताने बाजूला सारत होती. भाचा ऑफिसच्या खिडकीत टेलिफोन कानाला लावून उभा होता, आणि कातारी शपथेवर सांगतो की फोनवर पलीकडे कोणी नव्हतं.

पहिल्या दिवशी चूल पेटली नाही. कालव्यावरून वारा येत होता. तो काडी पेटण्याआधीच विझवत होता. एक काडी गेली, दुसरी गेली. फाटकाशी सगळी माणसं उभी. सहावी गेली. नवव्या काडीला धूर झाला आणि बसला. कातारी रस्त्यापलीकडून ओरडला, आत्या, पेटी संपली तर माझी पाठवू का? ती म्हणाली, तुझी जीभ पाठव, ती जास्त पेटलीय. माणसं हसली. त्या दिवशी तिने कच्चा कांदा आणि पाव खाल्ला, तिथेच, विझलेल्या चुलीसमोर मांडी घालून.

दुसऱ्या दिवशी तिने वीतभर खड्डा खणला, विटा फिरवून चुलीची पाठ वाऱ्याला दिली, वरचा काळा पत्रा आडवा टेकवला आणि एका काडीत जाळ उभा केला. भांड्यात बटाटे होते. सुट्टीची घंटा झाली, मिस्त्री आपली थाळी घेऊन फाटकाबाहेर पडले, दोन्ही बाजू बघून त्यांनी रस्ता ओलांडला आणि एका दगडावर बसले. तिसऱ्या दिवशी सातजण आले. आठवड्याने चौदाच्या चौदा. सुट्टी त्यांची आहे, कुठे बसायचं ते त्यांनी ठरवावं, असं भाचा फणकाऱ्याने म्हणाला, आणि मागच्या खोलीत गॅसवरचं जेवण फक्त बायकोबरोबर जेवला. त्याने तारखेचा रबरी शिक्का आणून मिस्त्रींच्या हातात दिला. मिस्त्री इमानाने शिक्का मारत आणि त्याच्या शेजारी बटाटा काढत.

पंधरा दिवसांनी नगरपालिकेचा माणूस सायकलवरून आला. इथे जाळ करायची लेखी परवानगी आहे का, म्हणाला. आत्याने त्याला सांगितलं, कागद लागतो तर आणा, मात्र कोरडा आणा, ओला धरत नाही. तो बराच वेळ उभा राहिला. वास येत होता. शेवटी सायकल स्टँडवर लावून बसला. पुढे दर गुरुवारी तो तपासणीला येत असे, बरोबर साडेबाराला.

आणि मग एका सकाळी, दहाला पाच मिनिटं कमी असताना, भाचेसून रस्ता ओलांडून आली. तिच्या हातात नवी काडेपेटी होती. म्हणाली, "मला शिकवाल?"

आत्याने तिच्याकडे बघितलं. घरात गॅस आहे, नवऱ्याला हे आवडणार नाही, साडीला धुराचा वास लागेल, हे सगळं दोघींनाही ठाऊक होतं. आत्याने कारण विचारलं नाही. सरकून जागा दिली. मुलीने राख सारखी केली, साली घट्ट दाबल्या, काडी ओढली, विझली. दुसरी विझली. चौथीला धूर आला आणि तिने भीतीने फुंकर मारली. आत्या हात गुडघ्यांवर ठेवून नुसती बसून होती. सहाव्या काडीला मुलीने हात गुडघ्यांवर ठेवले. आत टच्‌ झालं, जाळ वर आला, आणि गणितात पहिली येणारी ती अबोल पोर मोठ्याने हसली, इतक्या मोठ्याने की ऑफिसची खिडकी उघडली.

मिस्त्री सत्त्याहत्तर साली थकले आणि मुलीकडे राहायला गेले. तिथे भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात जेवण काढून ठेवत. मुलगी चिडे, नातवंडं खूश असत. कातारीने ऐंशीनंतर स्वतःचं यंत्र घातलं आणि लाटणी कातून चार पोरांची शिक्षणं केली. अजून आहे, अजून तोंडाळ आहे. नगरपालिकेच्या माणसाला बढती मिळाली आणि दुसरीकडे नेमणूक झाली, तेव्हा तो निरोप घ्यायला आला आणि परवानगीचा कागद खरंच घेऊन आला. आत्याने तो वाचला, ठीक आहे म्हणाली आणि घडी घालून ठेवून दिला. भाच्याने रस्ता ओलांडायला चार वर्षं घेतली. एका दुपारी थाळी घेऊन आला आणि म्हणाला, गॅस संपलाय. ते खरं होतं, पण दुसऱ्या दिवशी सिलिंडर आला तरी तो येतच राहिला. त्र्याण्णव साली त्याचं हृदय बंद पडलं. त्याच्यामागे भाचेसूनेने कारखाना चौदा वर्षं चालवला, सरस बंद करून डब्यातला पांढरा गम आणला, वह्या मात्र तशाच लिहिल्या. आता ती सत्तरी ओलांडून गेलीय. सातव्या मजल्यावर राहते, जिथे काडी ओढलेलीही चालत नाही. महिन्यातून एकदा रिक्षा करून गावाबाहेर जाते, बरोबर एक पिशवी साली आणि चार कांदे घेऊन.

आत्या त्या दगडगोट्यांत तेरा वर्षं बसली. मग तिथे पेट्रोल पंप आला, तसा तिने कालव्याने शंभर पावलं खाली जाऊन नवा खड्डा खणला. साठीनंतर खोकला लागला. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, की धुराने फुफ्फुसं काळी झालीत, जाळ सोडला नाहीत तर पाच वर्षं काढणं कठीण. तिने त्यांचं म्हणणं मान्य केलं, गोळ्या वेळेवर घेतल्या आणि पुढची चौदा वर्षं रोज दहाला चूल पेटवली. ती गेली नव्वद साली, पंच्याहत्तराव्या वर्षी. डॉक्टर तिच्या आधी चार वर्षं गेले होते. बातमी कळली, तेव्हा तिने त्यांच्या घरच्यांसाठी निखाऱ्यावर भाजलेले बटाटे पाठवले आणि निरोप दिला, की माणूस सज्जन होता, पण त्याने कधी काही पेटवून बघितलं नाही.